दुरुस्तीच्या दुकानाला संगणकाची जोड : यंत्रे नंतर, नोंद आधी

- प्रतिनिधी

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो किंवा पुण्यातील तपकीर गल्ली, मोबाइल व लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातील सर्वांत मोठी ठेव दुकानदाराच्या मालकीची नसते. ती असते ग्राहकाने विश्वासाने सोपवलेली उपकरणे. दिवसाला १५ उपकरणे येत असतील आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी चार दिवसांचा असेल, तर कोणत्याही क्षणी दुकानात ६० उपकरणे असतात. त्यांतील अनेक एकाच कंपनीची, एकाच रंगाची आणि बंद अवस्थेतील. वहीतील नोंद व रबर बँडने गुंडाळलेली चिठ्ठी यांच्या भरवशावर काम चालू असताना एखादे उपकरण भलत्याच हाती गेले, तर नुकसान केवळ किमतीचे राहत नाही. त्यात कुणाची छायाचित्रे, बँकेचे व्यवहार आणि कार्यालयाची कागदपत्रे असतात.

ही जोखीम कमी करण्यासाठी अनेक दुकानदार व्यवस्थापन सॉफ्टवेअरकडे वळतात. मूळ सॉफ्टवेअर निवडणे त्या मानाने सोपे. कस लागतो तो त्याच्या जोडीला घ्यावयाच्या यंत्रांच्या आणि सुविधांच्या निवडीत. विक्रेत्याची यादी लांबलचक असते : लेबल प्रिंटर, स्कॅनर, कॅश ड्रॉवर, एसएमएस, हिशेब, साठा. यादी पाहून खरेदी करण्यापेक्षा आपल्या दुकानात चूक नेमकी कोठे होते, हे पाहून खरेदी करणे शहाणपणाचे.

चार ठिकाणी हस्तांतर

दुरुस्तीस आलेल्या वस्तूचे चार वेळा हस्तांतर होते : ग्राहकाकडून काउंटरवर, काउंटरवरून कारागिराकडे, साठ्यातील सुट्या भागाचे उपकरणात आणि शेवटी उपकरण परत ग्राहकाकडे. या चारही टप्प्यांवर एकच जॉब क्रमांक वस्तूच्या सोबत राहिला पाहिजे. जे साधन यांपैकी एखाद्या टप्प्यावरील चूक रोखते, ते उपयोगाचे. जे रोखत नाही, ते कितीही आकर्षक असले तरी थांबू शकते.

या कसोटीवर पहिला मान लेबल प्रिंटरचा. त्याचे दोन प्रकार आहेत. डायरेक्ट थर्मल प्रकारात शाई किंवा रिबन लागत नाही, कागदच उष्णतेने काळा होतो. तो स्वस्त पडतो, पण ऊन, उष्णता व सफाईचे रसायन यांनी छपाई पुसट होते. थर्मल ट्रान्स्फर प्रकारात रिबन लागते, परंतु छपाई टिकते. चार दिवस राहणाऱ्या उपकरणाच्या पिशवीवरील लेबलास पहिला प्रकार पुरेसा. बसवलेल्या सुट्या भागावर हमीचे स्टिकर लावायचे असेल आणि ते काही महिन्यांनी वाचता यावे अशी अपेक्षा असेल, तर रिबनचा प्रिंटर व प्लॅस्टिकचे स्टिकर हवे. साध्या लेबलास २०३ डीपीआयची छपाई चालते, नखाएवढ्या स्टिकरवर मात्र ३०० डीपीआय घेतलेले बरे.

स्कॅनर घेताना केवळ उभ्या रेघांचा बारकोड वाचणारे लेझर यंत्र घेऊ नये. ते क्यूआर कोड वाचत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावरील कोडपुढे सहसा अडखळते. टू-डी प्रकारचे स्कॅनर दोन्ही कामे करते. बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक १५ अंकी असतो. तो हाताने टंकताना एक आकडा चुकला, तरी नोंद निरुपयोगी ठरते. जुने मोबाइल विकत घेणाऱ्या दुकानांना तर हा क्रमांक अधिकच महत्त्वाचा. २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवर, किंवा १४४२२ या क्रमांकावर ‘केवायएम’ लिहून पुढे आयएमईआय पाठवून, मोबाइल काळ्या यादीत आहे का, हे तपासता येते.

पावती, गल्ला आणि पैसे

पावतीचे प्रिंटर ५८ किंवा ८० मिलिमीटर रुंदीचा रोल घेतात. दुरुस्तीच्या पावतीवर अटी, दोषाचे वर्णन आणि सोबत दिलेल्या वस्तूंची नोंद असते. त्यासाठी ८० मिलिमीटर सोयीचे. कॅश ड्रॉवरची तार बहुधा संगणकाला नव्हे, तर या प्रिंटरला जोडली जाते. म्हणून दोन्ही एकमेकांस जुळतात का, हे आधी विचारावे. यूपीआयची रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स पैसे आल्याचे कळवतो, पण ते कोणत्या जॉबचे हे सांगत नाही. बिलागणिक रकमेसह तयार होणारा क्यूआर कोड सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर संध्याकाळचा हिशेब जुळवण्याचा त्रास वाचतो.

थर्मल कागदावरील पावती पुसट होत असल्याने डिजिटल प्रत ठेवणे आवश्यक आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकास वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. ई-इन्व्हॉइसची सक्ती मात्र १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्यांनाच आहे. त्याहून लहान दुकानाने त्या सुविधेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

‘आपले उपकरण तयार आहे’ हा संदेश आपोआप गेला, तर दूरध्वनींची संख्या घटते. परंतु सॉफ्टवेअरमधून एसएमएस पाठवायचे, तर दूरसंचार कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेत व्यवसायाची नोंदणी, प्रेषकाचे नाव व संदेशाचा मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचे साधे अ‍ॅप मोफत आहे. सॉफ्टवेअरला जोडून स्वयंचलित संदेश पाठवण्यास मात्र शुल्क पडते. हा खर्च महिन्याच्या हिशेबात धरावा.

पासवर्ड कागदावर नको

अनेक दुकानांत जॉब शीटवर ग्राहकाचा पासवर्ड किंवा पॅटर्न सर्रास लिहून घेतला जातो. सॉफ्टवेअरमध्ये तसा रकाना असेल आणि तो सर्व कर्मचाऱ्यांना दिसत असेल, तर धोका कमी न होता वाढतो. अलीकडच्या अनेक मोबाइलमध्ये दुरुस्तीच्या काळापुरती खासगी माहिती झाकणारी सोय असते. ती सुरू करून देण्यास ग्राहकाला सांगावे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय पाहिले याची नोंद राहते आणि काम संपताच पासवर्ड पुसला जातो, त्यालाच पसंती द्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तयारीला आतापासूनच लागलेले बरे. ग्राहकानेही काउंटरवर आपला पासवर्ड कोठे लिहिला जातो, हे विचारावयास संकोचू नये.

करार करण्यापूर्वी

विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत. इंटरनेट बंद पडले, तर जॉब घेता येईल का? वर्गणी थांबवली, तर आपली सर्व माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलच्या रूपात परत मिळेल का? प्रिंटर, स्कॅनर बाजारातील कोणतेही चालतील, की विक्रेत्याकडूनच घ्यावे लागतील? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत असेल, तर तेथेच थांबावे. वर्षानुवर्षांच्या ग्राहकांची नोंद परक्या संगणकात अडकली, तर स्वस्त वर्गणीही महाग पडते.

खरेदीही टप्प्याटप्प्याने करावी. पहिल्या महिन्यात सॉफ्टवेअर, एक लेबल प्रिंटर आणि एक स्कॅनर पुरे. प्रत्येक उपकरणावर लेबल लावण्याची सवय काउंटरवरील मुलांच्या हाती बसली, की साठा व संदेशांची जोड द्यावी. जॉब क्रमांकाची शिस्त नसलेल्या दुकानात महागडी यंत्रेही चुकीचीच नोंद छापतील, फक्त अधिक वेगाने.