ससा घरी आणताय? आधी हे वाचा

मागच्या उन्हाळ्यात रात्री साडेनऊला आमच्या गल्लीतली एक मावशी दारात आली. "सिस्टर, पोरीच्या सशानं सकाळपासून तोंडात काही घेतलं नाही. जरा बघता का?" मी गेले. पत्र्याच्या खोलीत, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ससा अंग आखडून बसला होता. पुढ्यात दूध-चपातीची वाटी तशीच. मी सांगितलं, "पोट बिघडलं असेल. आज काही देऊ नका, सकाळपर्यंत बरा होईल."

सकाळी ससा मेलेला होता. चौथीतली पोर दोन दिवस शाळेत गेली नाही.

माणसांच्या वॉर्डात इतकी वर्षं काम केलेलं, त्यामुळे पोट बिघडलं की लंघन हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. सशाच्या बाबतीत तोच सल्ला घातक ठरला. नंतर पशुवैद्यकांना भेटून समजून घेतलं. आपल्या वस्त्यांमध्ये हल्ली वाढदिवसाला, परीक्षेत पास झाल्यावर मुलांना ससा आणून देतात. त्या घरांनी माझी चूक करू नये म्हणून हे लिहिते आहे.

पोट थांबलं की धोका

ससा दिवसरात्र थोडंथोडं खात राहणारा प्राणी आहे. त्याच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते. तिथले उपयोगी जंतू गवताचा चोथा पचवतात. चोथा येत राहिला तर आतडी चालत राहतात. चपाती, पाव, बिस्कीट, भात, दूध किंवा गोड पदार्थ गेले की तिथले जंतू बिघडतात, गॅस धरतो आणि आतडी थांबतात. पोट दुखलं की तो खात नाही, खाल्लं नाही की आतडी आणखी मंदावतात.

सशाला उलटी होत नाही आणि तो सहसा ओरडतही नाही. शिकार होणारा प्राणी असल्यामुळे तो दुखणं लपवतो. म्हणून एक सवय लावा. वॉर्डात आम्ही पेशंटचा चार्ट बघतो, तशा रोज सकाळी त्याच्या लेंड्या बघा. गोल, कोरड्या, भरपूर लेंड्या असतील तर पोट ठीक आहे. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या किंवा बंद झाल्या, ससा अंग आखडून बसला, दात करकर वाजवू लागला, कान गार पडले, तर वाट बघू नका. दहा-बारा तास काही खाल्लं नाही म्हणजे दवाखान्यात न्यायची वेळ झाली. सकाळपर्यंत थांबू नका.

दोन गोष्टींना मात्र घाबरू नका. ससा रात्री किंवा पहाटे स्वतःची मऊ, घडासारखी विष्ठा खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, खाऊ द्या. लघवी कधी पांढरट, कधी नारिंगी-लालसर होते, तेही बऱ्याचदा पाल्याच्या रंगामुळे असतं. मात्र लघवी करताना तो कुंथत असेल तर दाखवा.

रोज काय घालायचं

सशाचं मुख्य अन्न गवत, ताजं किंवा वाळलेलं. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग तरी समोर हवा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. शहरात तबेल्यापाशी किंवा गाईला चारा विकणाऱ्याकडे गवत मिळतं. हरळी चांगली. रस्त्याकडेचं, गटाराजवळचं, कुत्री मुततात तिथलं किंवा फवारणी केलेलं गवत आणू नका. गावाकडे कोवळ्या ज्वारीचे हिरवे फुटवे देऊ नका, ते गुरांनाही विषारी ठरतात.

सोबत मूठभर धुतलेला पाला: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, कधी थोडी मेथी किंवा पालक. नवा पाला एका वेळी एकच आणि थोडा. कोबीनं गॅस होतो. चित्रातला ससा गाजर खातो, पण गाजरात साखर जास्त, एखाद-दोन चकत्या पुरे. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट, चहा कधीच नको. दुकानातले दाणे थोडेच, ते गवताची जागा घेत नाहीत. स्वच्छ पाणी चोवीस तास हवं.

पत्र्याचं घर आणि ऊन

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तीस अंशांच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली काय होतं, ते सांगायला नको. पिंजरा गच्चीवर, पत्र्यालगत किंवा उन्हात ठेवू नका. खाली फरशीवर, वारा येईल तिथे ठेवा. बाटलीत पाण्याचा बर्फ करून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. तोंड उघडून धापा टाकू लागला तर सावलीत आणा, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं कान ओले करा आणि दवाखाना गाठा. गार पाण्यात बुडवू नका. एरवीही आंघोळ घालू नका, धसक्यानं ससा दगावू शकतो.

पावसाळ्यात शेपटीखाली ओलं, घाण राहिलं की माशा बसतात आणि अळ्या पडतात. रोज बघा, कोरडं ठेवा.

पिंजरा आणि उचलणं

नुसत्या जाळीवर बसून पायांना जखमा होतात, खाली फळी किंवा चटई टाका. रोज काही तास मोकळं सोडा, पण विजेच्या वायरी आधी वर बांधा, तो त्या कुरतडतो. रात्री मांजर, घूस, कुत्रा शिरणार नाही असा बंदोबस्त हवा.

कान धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घ्या. धडपडताना जोरात लाथ मारली तर त्याचाच कणा मोडू शकतो. लहान मुलांनी खाली बसून मांडीवर घ्यावा.

आपल्या औषधांचा डबा बंद ठेवा

हे नर्स म्हणून हात जोडून सांगते. घरात उरलेली अॅमॉक्सिसिलिन किंवा अॅम्पिसिलिनची कॅप्सूल सशाला पाजली तर ती पोटातले उपयोगी जंतू मारते आणि ससा मरू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा स्प्रे सशाला विषारी आहे. कोणतंही औषध पशुवैद्यकांना विचारूनच द्या.

घरातल्या माणसांची काळजी

ससा चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं. सशापासून माणसाला रेबीज होणं अत्यंत दुर्मीळ आहे. पण त्या सशाला कुत्रा, मांजर किंवा मुंगूस चावलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. सशाचे केस गोलाकार गळत असतील तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते मुलांना लागतं. दुकानातलं कुठलंही मलम मनानं लावू नका. घरात दम्याचा पेशंट असेल तर केस आणि गवताच्या धुळीनं त्रास वाढू शकतो. लघवीचा उग्र वास लहान खोलीत कोंडतो, म्हणून पिंजरा रोज साफ करा आणि नंतर हात धुवा.

आणण्याआधी

दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका, त्याला अजून आईची गरज असते. "दोन्ही माद्याच आहेत" या बोलण्यावर विसंबू नका, पशुवैद्यकांकडून तपासून घ्या. गाभण मादी साधारण एका महिन्यात विते आणि व्याल्या व्याल्या पुन्हा गाभण राहू शकते. रानातला ससा पकडून आणू नका. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो गुन्हा ठरतो.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षंही जगतो. मुलाची हौस दोन महिन्यांत फिटली, तर पुढचं गवत आणि साफसफाई बहुधा आईच्याच गळ्यात पडते. घरात सगळ्यांनी बसून हे आधी ठरवा.

दवाखाना आधीच पाहून ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, सशावर उपचार होतात का ते विचारा. मुंबईत परळला, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री नंबर आहे.

ती पोर यंदा पुन्हा ससा मागते आहे. मावशी मला विचारायला आली. मी सांगितलं, "आधी गवत रोज कुठून येणार ते बघा. मग दवाखाना बघून या. ससा त्यानंतर."