आवाज नव्हे, आवाजाची कृती

परदेशातून घरी फोन लावला की आईचा आवाज जसाच्या तसा कानी पडतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मोबाइलच्या जाळ्यातून प्रवास करते ती तो आवाज पुन्हा घडविण्याची कृती.

अंकीय दूरध्वनीच्या मूळ पद्धतीत सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात. प्रत्येकास ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. तारेला हा भार पेलतो. असंख्य ग्राहकांत वाटल्या जाणाऱ्या रेडिओलहरींना तो परवडत नाही.

उपाय मानवी कंठातच सापडला. स्वरतंतू नाद निर्माण करतात. घसा, जीभ व ओठ त्याला आकार देतात. हा आकार नादाच्या कंपनांच्या मानाने संथपणे बदलतो. म्हणून दर २० मिलिसेकंदांनी मुखाचा आकार, स्वराची उंची, जोर आणि ध्वनी घोष की अघोष, एवढेच कळविले तरी पलीकडचे यंत्र उच्चार पुन्हा रचू शकते. बेल लॅबोरेटरीजच्या होमर डडली यांनी १९३०च्या दशकात याच तत्त्वावर व्होकोडर घडविला.

पुढे कानपूरला जन्मलेले बिष्णु अटल यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये, आणि जपानमध्ये इटाकुरा व साइतो यांनी, मागील काही नमुन्यांवरून पुढचा नमुना वर्तविण्याची पद्धत विकसित केली. तिच्या आधारे २,४०० बिटांतही बोलणे समजू लागले. मात्र ते यांत्रिक वाटे. १९८५ मध्ये अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी त्यावर तोड सुचविली. दोन्ही टोकांस ध्वनितुकड्यांची एकच कोश-पुस्तिका ठेवायची, मूळ आवाजाशी सर्वांत जुळणारा तुकडा शोधायचा आणि केवळ त्याचा क्रमांक धाडायचा. तेव्हा एका सेकंदाच्या बोलण्यासाठी महासंगणकाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. आज तेच काम खिशातला फोन बोलता बोलता करतो.

या काटकसरीला किंमत आहे. समोर मानवी कंठच आहे, हे यंत्राचे गृहीतक. म्हणून फोनवर तानपुरा किंवा प्रतीक्षेतील संगीत विद्रूप होते. जुन्या दूरध्वनीपट्ट्यात ३,४०० हर्ट्झच्या वरचा भाग गाळला जात असल्याने ‘स’ आणि ‘फ’ यांत गफलत होते. रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना ही गफलत महागात पडू शकते. ७,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी नेणाऱ्या नव्या पद्धतींनी ती बरीच कमी केली असली, तरी दोन्ही फोन आणि मधले जाळे तशा क्षमतेचे असावे लागते. तोवर नाव-पत्ता अक्षर फोडून सांगणेच शहाणपणाचे.