विश्वाचा आरंभ, पोप आणि एक धर्मगुरू

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीसमोर एक भाषण केले. विश्व प्रसरण पावत आहे. तेव्हा काळात मागे गेल्यास त्याला कोठेतरी आरंभ असला पाहिजे, असे काही खगोलशास्त्रज्ञ तेव्हा सांगत होते. बायबलने वर्णिलेल्या प्रकाशनिर्मितीच्या क्षणाचीच साक्ष जणू विज्ञान देत आहे, असा पोप यांच्या भाषणाचा सूर होता. हा पुरावा अंतिम नव्हे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. परंतु अशा पुस्त्या सहसा कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

या भाषणाने अस्वस्थ झाले ते जॉर्ज लमेत्र, म्हणजे ज्यांच्या सिद्धांताचा आधार घेतला गेला तेच शास्त्रज्ञ. लमेत्र बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठात प्राध्यापक होते, त्या अकादमीचे सदस्य होते आणि १९२३ मध्ये दीक्षा घेतलेले कॅथलिक धर्मगुरूही होते. विश्व प्रसरणशील असल्याचे त्यांनी १९२७ मध्ये मांडले. गणित अचूक, पण भौतिकशास्त्र भयंकर, असा अभिप्राय आइन्स्टाइन यांनी तेव्हा दिल्याचे लमेत्र यांनी पुढे नमूद केले आहे. १९३१ मध्ये त्यांनी त्यापुढची पायरी गाठली: सारे विश्व एका 'आदिअणू'च्या विघटनातून उद्भवले असावे. या लेखाच्या टंकलिखितात शेवटी ईश्वराचा उल्लेख करणारा एक परिच्छेद होता. प्रसिद्धीपूर्वी तो खोडण्यात आला.

धर्मगुरूनेच विश्वाला आरंभ आहे म्हटल्यावर शंका येणारच. फ्रेड हॉइल यांना त्यात धर्माचा वास आला. 'महास्फोट' हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसीवरील व्याख्यानात वापरले, ते आपला विरोध स्पष्ट करताना. त्यामुळे पोप यांचे भाषण म्हणजे लमेत्र यांच्या दृष्टीने विरोधकांच्या हाती दिलेले कोलीतच होते.

परंतु त्यांचा आक्षेप केवळ सोयीचा नव्हता. विश्वाची भौतिक सुरुवात आणि ईश्वराने केलेली निर्मिती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे त्यांचे मत होते. पहिल्याचे उत्तर दुर्बिणी आणि समीकरणे देतील. तेथे जडवादी आणि श्रद्धावान यांना समान मोकळीक आहे. शिवाय उपपत्ती बदलतात. ज्या श्रद्धेने एखाद्या उपपत्तीचा टेकू घेतला, तिला ती उपपत्ती कोसळताच जखम होणार. याचा प्रत्यय लवकरच आला. सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन भरले, तेव्हा वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे पूर्वीच्या अंदाजाच्या सुमारे दुप्पट असल्याचे दाखवले आणि विश्वाचे अनुमानित वयही त्याच प्रमाणात वाढले. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. त्या अधिवेशनापूर्वी लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांशी चर्चा केली होती. शास्त्रज्ञांपुढे बोलताना पोप यांनी या वेळी आरंभ आणि निर्मिती यांची सांगड घातली नाही.

अर्थात ही वाटणी फुकट पदरात पडत नाही. सहा दिवसांत सृष्टी घडली, हे अक्षरशः मानणाऱ्याला लमेत्र यांचा मार्ग बंदच आहे. तेथे विज्ञानाशी विरोध खराच आहे आणि गोड शब्दांनी तो मिटत नाही. ज्याला तो मार्ग स्वीकारायचा, त्याने धर्मग्रंथाकडून भौतिकशास्त्राची अपेक्षा सोडली पाहिजे. नास्तिकालाही तोच नियम लागू पडतो. आरंभ नसलेले विश्व सिद्ध झाले म्हणजे ईश्वर निकालात निघाला, असे होत नाही. विश्वाला काळात आरंभ होता, हे केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही, असे थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तेराव्या शतकातच म्हटले होते. त्यांच्या मते निर्मिती म्हणजे पहिला क्षण नव्हे, तर विश्वाचे प्रत्येक क्षणी ईश्वरावर अवलंबून असणे.

आरंभाविषयीचा वाद प्रयोगशाळेत कसा लढवावा, याचे उदाहरण पुण्यात पाहायला मिळाले. हॉइल यांचे शिष्य आणि 'आयुका'चे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी २०२५ मध्ये निधन होईपर्यंत महास्फोटाच्या सिद्धांताबद्दल शंका बाळगली. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी सिद्धांतही मांडला. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही. त्याचे कारण धार्मिक नव्हते. १९६५ मध्ये जाहीर झालेले सूक्ष्मलहरींचे वैश्विक प्रारण महास्फोटाच्या बाजूने साक्ष देत होते. त्या शोधाची वार्ता लमेत्र यांना एका सहकाऱ्याने जून १९६६ मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवस, रुग्णशय्येवर सांगितली.