मुका तंबोरा

कोल्हापुरातल्या एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत गवसणीतला जुना तंबोरा आम्हाला सापडला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये शेरा होता, ‘निरुपयोगी’. तारा जुळवून छेडल्या, तर आवाज बोदा, लगेच विझणारा. मग शेरा खरा मानायचा का?

दोष लाकडात किंवा भोपळ्यात नव्हता, घोडीत होता. गिटारची तार अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि किंचित बाकदार असते. थरथरणारी तार तिच्या पाठीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही खुलतात. हीच जवारी. तारेखालचा दोरा सरकवून ती नेमकी साधतात. पण तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडले, की दोराही काही करू शकत नाही.

करून पाहा. तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच तिथेच बोट हलके टेकवा. वरच्या सप्तकातल्या स्वराच्या कंपनात तारेचा मध्य स्थिर असतो. म्हणून तिथे छेडल्यास तो स्वर उमटू नये आणि सारे शांत व्हावे. साध्या तारेत जवळजवळ तसेच घडते. जवारीदार तंबोऱ्यात मात्र तो स्वर वाजत राहतो! तंबोऱ्याचे हे वेगळेपण सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली मांडले.

मिरज येथून पन्नासएक किलोमीटरवर आहे. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर घोडी घासून जवारी पुन्हा लावतात. आपल्या शाळेतला तंबोरा निकालात काढण्याआधी त्याची घोडी एकदा पाहाल ना?