परदेशवासाचे दप्तर

1949 पूर्वी शिराळ्यात जन्मलेल्या मनुष्याने आपले राहते घर जन्मभर सोडले नसले, तरी सरकारी दप्तरात तो तीन जिल्ह्यांचा रहिवासी ठरतो: प्रथम सातारा, मग दक्षिण सातारा आणि 1960 पासून सांगली. गावाचे नावही कोठे ‘शिराळा’, कोठे ‘बत्तीस शिराळा’, तर कोठे ‘32 शिराळा’ असे लिहिलेले आढळते. गावच्या मोरणा नदीकाठी या भेदाने कोणाचे काही अडत नाही. परंतु अमेरिकेचे नागरिकत्व पत्करलेल्या मुलाने आईवडिलांना कायमचे आपल्याजवळ नेण्याचे योजले, की तेच कागद अशा अधिकाऱ्यापुढे जातात, ज्याला कागदापलीकडचे काही ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी ते विचारात घेण्याची मुभा नसते. परदेशवासाच्या अडचणी वकिलातीच्या खिडकीशी प्रकट होतात हे खरे. पण त्यांचे मूळ पुष्कळदा आपल्याच गावच्या दप्तरात सापडते.

जन्मतारखेचेच पाहावे. पूर्वी मुलाला शाळेत घालताना जन्माचा दाखला क्वचितच मागितला जाई. गुरुजी अंदाजाने वय धरीत आणि शाळाप्रवेशाच्या सोयीची म्हणून 1 जून ही तारीख रजिस्टरात घालीत. तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि तेथून पारपत्रावर गेली, म्हणून महाराष्ट्रातील एका सबंध पिढीचा वाढदिवस 1 जूनला येतो. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत मात्र बहुधा निराळी तारीख असते, किंवा बालकाच्या नावाची जागा कोरी असून केवळ ‘पुरुष’ वा ‘स्त्री’ एवढाच उल्लेख असतो, किंवा नोंदच नसते. नोंद असून नाव नसेल, तर ते रीतसर अर्ज करून घालून घेता येते. नोंदच नसेल, तर तसा अनुपलब्धतेचा दाखला मिळवून त्यास जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. स्त्रियांच्या बाबतीत विवाहाबरोबर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलत असल्याने माहेरच्या दाखल्यावरील स्त्री आणि सासरच्या पारपत्रावरील स्त्री एकच, हे विवाहनोंदणीच्या दाखल्याने किंवा राजपत्रातील प्रसिद्धीने सिद्ध करावे लागते.

मजुरीसाठी समुद्रापार जाणाऱ्याची कथा याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा या भागांतून कित्येक कुटुंबे करारबद्ध होऊन मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली. तेथे 1867 च्या कायद्याने करार पुरा केलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगणे भाग पडले. तो नसल्यास भटक्या ठरवून त्याला अटक होई. त्या काळी बंदरांत नेमल्या जाणाऱ्या ‘उत्प्रवासी संरक्षक’ या अधिकाऱ्याचे पद 1983 च्या उत्प्रवास कायद्यातही कायम राहिले. दहावी उत्तीर्ण नसलेला इसम आखाती राष्ट्रांसह ठरावीक 18 देशांत नोकरीस निघाला, की सामान्यतः त्याला या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी पुष्कळांना जाच वाटते, आणि ती चुकवण्यासाठी दलाल पर्यटनाच्या व्हिसावर माणूस पाठवण्याचा मार्ग सुचवतो. पण त्या मार्गाने गेलेल्याचा नोकरीचा करार कोठेच रुजू झालेला नसतो, परवानाधारक भरती-एजंटावर असलेली तीस हजार रुपये आणि कर एवढ्या शुल्काची मर्यादाही त्याच्या उपयोगी पडत नाही, आणि दहा लाख रुपयांच्या प्रवासी भारतीय विमा योजनेचे संरक्षणही त्याला लाभत नाही.

परभूमीवर पाऊल ठेवल्यानंतर एक तत्त्व पक्के ध्यानात ठेवावे: राहण्याची परवानगी निराळी आणि काम करण्याची निराळी. ब्रिटनमध्ये पदवीचे शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्याला 20 तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. अमेरिकेत एच-1बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्याची नोकरी सुटली, तर दुसरी शोधण्यास त्याला जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते. आणि त्याच्या उच्चशिक्षित पत्नीस, पतीचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचल्याखेरीज, नोकरी करता येत नाही. आखातात निवासाचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. म्हणूनच मजुराचे पारपत्र मालकाने आपल्या कपाटात ठेवण्याची वहिवाट तेथे पडली, जी सौदी अरेबिया, अमिरात आदी राष्ट्रांच्या नियमांनी निषिद्ध असूनही समूळ गेलेली नाही. जर्मनीत राहते घर बदलल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत वर्दी द्यावी लागते, आणि तिचा दाखला हाती असल्याखेरीज पुढील बहुतेक कामे खोळंबतात.

या सर्व खटाटोपाचे शेवटचे प्रकरण मात्र पुन्हा मायभूमीत घडते. 1955 च्या कायद्यान्वये अन्य राष्ट्राचे नागरिकत्व स्वेच्छेने पत्करताच भारतीय नागरिकत्व संपते, पारपत्र परत करावे लागते, आणि शिराळ्याचा मुलगा शिराळ्यातच परदेशी ठरतो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी असलेले ‘ओसीआय’ कार्ड घेतले, तर त्याला येण्याजाण्यास व्हिसा लागत नाही. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकतही घेता येत नाही. वडिलार्जित जमीन वारशाने मात्र त्याच्याकडे येऊ शकते. तेव्हा वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे केलेल्या अर्जावरील नाव, परदेशी पारपत्रावरील नाव आणि मृत पित्याच्या दाखल्यांतील मुलाचे नाव यांचा मेळ घालावा लागतो. आणि भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवायचे, तर ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

असे हे दप्तर प्रसंग ओढवल्यावर चाळण्याचे नव्हे. मुलगा अजून गावच्या शाळेत असतानाच त्याची जन्मनोंद नावासह पुरी करून घेणे, दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पारपत्र या तिहींवरील रोमन लिपीतील अक्षरे एकमेकांशी ताडून पाहणे, यांस तालुक्याच्या ठिकाणच्या चारदोन खेपांपलीकडे फारसे काही लागत नाही. तीच दुरुस्ती सातासमुद्रापलीकडून करायची, तर वर्ष सरते आणि कधी हातची नोकरीही जाते.