संकटकाळची हाक पोहोचावी कशी?
आडवाटेवरील मोटारसायकलस्वार आणि संपर्काची साधने

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर नदीच्या खोऱ्यात, हिंगणी हे गाव वसलेले आहे. गावापुढे बोर धरण, आणि धरणाच्या सभोवती सागवानाचे जंगल व टेकड्या. हे जंगल १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले व २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या परिसरातील वाड्यावस्त्यांना जोडणारे वाहन म्हणजे मोटारसायकल. शाळेत जाणारा शिक्षक, लसीकरणास निघालेला आरोग्य कर्मचारी, दूध पोहोचविणारा शेतकरी, गस्तीवरील वनरक्षक आणि अलीकडे धरण व जंगल पाहावयास येणारे हौशी प्रवासी, असे सारेच दुचाकीवर अवलंबून असतात.

मोटारसायकलीचा प्रवास बहुधा एकट्याचा असतो. चारचाकी वाहनातील प्रवाशास अपघातानंतर निदान छपराचा आसरा असतो व बहुतेक वेळा सोबतीस कोणी तरी असते. दुचाकीस्वारास यांपैकी काहीच नसते. संध्याकाळी जंगलालगतच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवे आले आणि गाडी घसरून पाय मोडला, तर पुढील काही तासांत काय घडेल, हे जखमेपेक्षाही अधिक एका गोष्टीवर अवलंबून राहते. त्याची हाक कोणापर्यंत तरी पोहोचते की नाही, ही ती गोष्ट होय. गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाल्यास प्राण वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणूनच दुर्गम भागातील संपर्कसाधनांचा विचार हा हौशी प्रवाशांपुरता मर्यादित न राहता गावकारभाराचाही विषय ठरतो.

हाकेचे तीन दुवे

संकटकाळच्या हाकेस तीन दुवे असतात. आपण कोठे आहोत हे कळणे, हा पहिला. ते दुसऱ्यास कळविणे, हा दुसरा. आणि ज्यास कळले त्याने प्रत्यक्ष तेथवर येणे, हा तिसरा. बाजारात मिळणारी सारी साधने पहिल्या दोन दुव्यांची सोय करतात. तिसरा दुवा कोणत्याही यंत्रात बसविलेला नसतो. तो माणसांनी आधीच बांधून ठेवावा लागतो. साधन निवडताना या तिन्ही दुव्यांचा एकत्र विचार केला नाही, तर महागडे उपकरणही निरुपयोगी ठरते.

मोबाईल कोठे मुका होतो?

सर्वांत सुलभ साधन अर्थात मोबाईल फोन. परंतु त्याच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. फोन व मनोरा यांच्या मध्ये टेकडी आली की तिच्या पलीकडे सावली पडावी तसा संपर्काचा अंधार पडतो. दाट पानांचे जंगल लहरींचे बळ कमी करते. वीज दीर्घकाळ गेली आणि मनोऱ्यावरील बॅटरी उतरली, तर एरव्ही चांगला चालणारा फोनही गप्प होतो. देशातील संपर्कहीन गावांत ४-जी सेवा पोहोचविण्याची योजना केंद्र शासनाने २०२२ साली मंजूर केली. तथापि, गावात मनोरा आला म्हणजे दोन गावांमधील दरीतही संपर्क आला, असे मात्र नव्हे.

अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, आपल्या कंपनीचा संपर्क नसला तरी पडद्यावर ‘फक्त आणीबाणी कॉल’ असे दिसत असेल, तर ११२ क्रमांक अवश्य फिरवावा. जवळपास अन्य कंपनीचा मनोरा असल्यास त्याद्वारे हा कॉल जाऊ शकतो. दुसरी अशी की, बोलण्याइतका संपर्क स्थिर नसतानाही लहानसा लेखी संदेश क्षणभर मिळालेल्या संपर्कातून निसटून जातो. म्हणून घरच्या माणसास किंवा सहकाऱ्यास ठिकाण व अडचण सांगणारा दोन ओळींचा संदेश लगेच पाठवावा.

केंद्र शासनाच्या नियमानुसार २०१७ पासून विक्रीस येणाऱ्या फोनमध्ये संकटकाळची कळ असणे आवश्यक आहे. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरल्यास, तर स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करावयाची कळ लागोपाठ तीनदा दाबल्यास मदतीची हाक जावी, अशी ही योजना आहे. आपल्या फोनमध्ये ती कशी चालते हे घरी बसूनच पाहून घ्यावे. काही नव्या फोनांना व घड्याळांना आदळल्याचा धक्का स्वतःच ओळखता येतो. धारक काही सेकंदांत हलला नाही तर ते आपणहून फोन लावतात. परंतु संपर्कच नसेल, तर ही हुशारीही तेथेच थांबते. २०१९ पासून प्रवासी वाहतुकीच्या नव्या वाहनांत स्थानदर्शक यंत्र व संकटकाळची कळ बसविणे बंधनकारक झाले. दुचाकींना मात्र त्यातून वगळले आहे. म्हणजे मोटारसायकलस्वाराची सारी भिस्त त्याच्या खिशातील साधनावरच असते. तो फोन पिशवीत किंवा हॅन्डलवर न ठेवता अंगावरच ठेवावा, कारण गाडीपासून दूर फेकल्या गेलेल्या स्वारास हॅन्डलवरचा फोन हाती लागत नाही.

‘सेलू’ सांगितले, पण कोणते?

हिंगणीजवळून लावलेला ११२ चा कॉल वर्ध्याला घेतला जात नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून कार्यान्वित झालेल्या या सेवेची कॉल घेणारी केंद्रे नवी मुंबई व नागपूर येथे आहेत. तेथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षास व पुढे पोलिसांच्या गाडीस कळविली जाते. केंद्रात बसलेल्या कर्मचाऱ्यास ‘मोठ्या वडाजवळ’ किंवा ‘नाल्याच्या वळणावर’ या खुणांचा बोध होणे कठीण. शिवाय सेलू हे तालुक्याचे ठिकाण परभणी जिल्ह्यातही आहे, आणि हिंगणी नावाची गावे राज्याच्या अन्य जिल्ह्यांतही आढळतात. यास्तव बोलताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग रस्ता आणि शेवटी खूण, या क्रमाने सांगण्याची सवय लावून घ्यावी.

याहूनही अचूक मार्ग म्हणजे अक्षांश-रेखांश. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. फोनला आपले स्थान कळण्यासाठी मोबाईलचा संपर्क लागत नाही. आकाशातील स्थाननिर्देशक उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवीत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून फोन स्वतःचे स्थान काढतो. संपर्क नसताना यास काही मिनिटे अधिक लागतात व वर आकाश मोकळे असावे लागते, इतकेच. नकाशा उघडला नाही तरी आकडे मिळतात. हिंगणीचा परिसर एकवीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे चार आकडे सांगितले की ठिकाण सुमारे ११ मीटरच्या आत निश्चित होते. भूगोलाच्या तासास शिकविला जाणारा हा धडा संकटात प्राण वाचवू शकतो, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस जरूर सांगावे.

उपग्रहाची साधने आणि कायदा

मोबाईलचा मनोराच नसेल तेथे थेट उपग्रहाशी बोलणारी साधने आहेत. त्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. पहिला उपग्रह फोन. त्यावरून प्रत्यक्ष बोलता येते. दुसरा उपग्रहाद्वारे लहान संदेश व स्थान पाठविणारे खिशातील उपकरण. तिसरा संकटसूचक दीप, ज्यास प्रकाश नसतो परंतु कळ दाबताच तो ४०६ मेगाहर्ट्झवर धोक्याचा संकेत प्रक्षेपित करू लागतो. हा संकेत टिपणारी कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था कॅनडा, फ्रान्स, अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी उभी केली, व १९८२ पासून तिच्या साहाय्याने माणसे वाचविली जात आहेत. भारतही तिचा सहभागी असून तिचे भारतीय नियंत्रण केंद्र बंगळूर येथे, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अखत्यारीत चालते. समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमारांसाठी याच संस्थेने स्वतंत्र संकटसूचक यंत्रही विकसित केले आहे.

विदेशांत दुचाकीवरून दूरचा प्रवास करणारे यांतील दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारची उपकरणे सर्रास बाळगतात. आपल्याकडे मात्र वेगळी स्थिती आहे. सुरक्षिततेच्या कारणास्तव उपग्रह संपर्काची उपकरणे केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता किंवा वापरता येत नाहीत. थुराया व इरिडियम या सेवांच्या फोनांना भारतात मनाई आहे; परवानगीने मिळणारी सेवा भारत संचार निगममार्फत, इनमारसॅट उपग्रहांवरून दिली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे संदेश-उपकरण बाळगणाऱ्या परदेशी प्रवाशास पोलीस कारवाईस तोंड द्यावे लागले. तेव्हा परदेशी असलेल्या नातलगाने प्रेमाने पाठविलेले किंवा संगणकावरून मागविलेले उपकरण जंगलात सोबत नेणे हे संकटातून सुटण्याऐवजी नव्या संकटात पडणे ठरेल. गावात येणाऱ्या पाहुण्या प्रवाशांसही ही माहिती आपुलकीने द्यावी.

बिनतारी यंत्रांची मर्यादा

दोन-चार मोटारसायकलींचा गट निघाल्यास परस्परांत बोलण्यासाठी हातातील बिनतारी यंत्रे उपयोगी पडतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणाऱ्या अल्पशक्तीच्या यंत्रांना २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. त्यांचा पल्ला टेकड्या-झाडीत एखाद-दोन किलोमीटरचाच असतो. ती मागे राहिलेल्या सोबत्यास हाक मारण्यापुरती ठीक. त्यांवरून पोलीस ठाण्याशी बोलणे होत नाही. अधिक शक्तीची यंत्रे परवान्याविना वापरणे हा गुन्हा आहे. हौशी बिनतारी चालकांचा, म्हणजे हॅम मंडळींचा, मार्ग याहून निराळा. परीक्षा देऊन परवाना मिळविलेल्या या मंडळींनी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संदेशवहनास मोलाचे साहाय्य केले होते. माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांनी या छंदाकडे लक्ष देण्यासारखे आहे.

तिसरा दुवा गावाच्या हाती

आता पुन्हा तिसऱ्या दुव्याकडे वळू. हिंगणीसारख्या गावाने अल्प खर्चात पुढील गोष्टी कराव्यात.

एक, संपर्काचा नकाशा. शिक्षक व विद्यार्थ्यांनी गावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर कोणत्या पुलाजवळ, कोणत्या चढावर फोन लागतो व कोठे लागत नाही, याची नोंद मोठ्यांच्या सोबतीने, दिवसाउजेडी करावी. ही यादी शाळेत व ग्रामपंचायतीत लावावी.

दोन, खुणांना क्रमांक. रस्त्यावरील मोऱ्या, पूल व वळणे यांना ठळक क्रमांक रंगवून त्यांचे अक्षांश-रेखांश ग्रामपंचायतीच्या वहीत उतरवून ठेवावेत. ‘सात नंबरच्या मोरीजवळ’ एवढे शब्द ऐकताच गावातील माणूस निघू शकेल.

तीन, निघाल्याची नोंद. आडवाटेने जाणाऱ्या कर्मचाऱ्याने कोठे जात आहे, कोणत्या वाटेने व किती वाजेपर्यंत परतेल, हे एका ठरलेल्या व्यक्तीस सांगून जावे. ठरलेली वेळ टळून अर्धा-पाऊण तास झाला की त्या व्यक्तीने फोन करावा, आणि फोन न लागल्यास शोध सुरू करावा. स्वार बेशुद्ध पडला असेल, तर हीच एक व्यवस्था त्याच्या मदतीस धावते, कारण ती त्याने कळ दाबण्याची वाट पाहत नाही.

चार, क्रमांकांचा फलक. ११२ सोबत मोफत रुग्णवाहिकेचा १०८, वनविभागाचा १९२६, नजीकचे प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे व सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय यांचे क्रमांक गावाच्या वेशीवर लिहावेत.

पाच, मदत करणाऱ्यास अभय. जखमीस रुग्णालयात नेल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती अद्याप गेलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. ही गोष्ट ग्रामसभेत वाचून दाखवावी.

स्वारासाठी एक सूचना मात्र विसरू नये. वाघाच्या जंगलात संपर्क शोधण्यासाठी अंधारात एकट्याने टेकडी चढणे धोक्याचे आहे. चालण्याजोगी स्थिती असली तरी रस्ता सोडू नये. गाडीजवळ थांबावे, दिवा चालू ठेवावा आणि हॉर्न थांबून थांबून वाजवावा. शिरस्त्राण, पूर्ण चार्ज केलेला फोन, लहान विजेरी, शिट्टी आणि खिशात रक्तगट व घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, एवढी शिदोरी प्रत्येकास परवडणारी आहे.

आकाशातील उपग्रह स्वाराचे स्थान सांगतील, मनोरा त्याचे शब्द वाहून नेईल. परंतु विजेरी घेऊन त्या मोरीपर्यंत जाणारा माणूस गावातूनच निघावा लागतो. तो कोण असेल, हे आगामी ग्रामसभेत ठरवून ठेवणे, हीच या कामाची सुरुवात होय.