घराण्याच्या नावाविना वर आलेला नेता : ग्रीसचे अलेक्सिस त्सिप्रास

लोकशाहीची जन्मभूमी म्हणून ग्रीस देशाचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण ह्याच ग्रीसमध्ये अलीकडच्या काळात सत्ता किती थोड्या घरांतून फिरली, हे आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. पापांद्रेऊ घराण्यातले आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघेही पंतप्रधान झाले. कारामानलिस घराण्यात काका झाले, मग पुतण्या झाला. मित्सोताकिस हे तिसरे घराणे. अशा देशात कोणत्याही राजघराण्याचे नाव पाठीशी नसलेला, डाव्या चळवळीतून आलेला चाळीस वर्षांचा एक इंजिनिअर 2015 च्या जानेवारीत पंतप्रधान होतो, ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हा चमत्कार एका रात्रीत झालेला नाही.

अलेक्सिस त्सिप्रास यांचा जन्म 28 जुलै 1974 चा, अथेन्स शहरातला. त्याच्या चारच दिवस आधी ग्रीसमधली सात वर्षांची लष्करी हुकूमशाही कोसळली होती. म्हणजे हा मुलगा आणि नवी लोकशाही अगदी बरोबरीने वाढली. 1990 साली कॉन्स्टंटिनोस मित्सोताकिस यांच्या सरकारने शाळांमध्ये हजेरीचे आणि शिस्तीचे कडक नियम आणले, तेव्हा देशभरच्या शाळकरी मुलांनी शाळांचा ताबा घेतला. त्या मुलांचा एक पुढारी म्हणून त्सिप्रास दूरदर्शनवर आला. तासाला बसायचे की नाही ते आमचे आम्हाला ठरवू द्या, असे त्या पोराने शांतपणे सांगितले. पुढे पात्रास शहरात ह्याच आंदोलनात एका शिक्षकाचा खून झाला, देश पेटला आणि शिक्षणमंत्र्यांना जावे लागले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी सरकार नमवले होते. (शाळेत भेटलेली मैत्रीण पुढे त्यांची आयुष्याची जोडीदार झाली. दोघांनी चर्चमध्ये जाऊन लग्न लावले नाही. धाकट्या मुलाच्या नावात चे गव्हेराचे ‘एर्नेस्तो’ हे नाव मात्र आवर्जून घातले.)

साम्यवादी युवक संघटना, नंतर ‘सिनास्पिस्मोस’ ह्या डाव्या पक्षाची युवक आघाडी, 2006 साली अथेन्सच्या महापौरपदाची निवडणूक आणि तीत साडेदहा टक्के मतांसह तिसरा क्रमांक, 2008 साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पक्षाचे अध्यक्षपद, अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. पण पक्ष लहानच होता. अनेक डाव्या गटांची मोट बांधून उभ्या केलेल्या ‘सिरिझा’ आघाडीला 2009 च्या निवडणुकीत अवघी 4.6 टक्के मते आणि तीनशेपैकी तेरा जागा मिळाल्या.

सावकारांचा फास

त्यानंतर जे घडले ते आपल्याकडच्या कर्जबाजारी शेतकऱ्याला सहज समजेल. आधीच्या सरकारांनी हिशेब लपवले होते. ते उघडे पडल्यावर ग्रीसला बाजारात कोणी कर्ज देईना. 2010 च्या मे महिन्यात युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी 110 अब्ज युरोंचे कर्ज दिले, पण मोठा वाटा जुन्या सावकारांची देणी भागवण्यातच गेला. अटी मात्र जनतेने भोगायच्या होत्या. पेन्शन कापली, नोकऱ्या गेल्या. 2012 साली महिन्याचे किमान वेतन 751 युरोंवरून 586 वर आणले, आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठी त्याहूनही खाली, 511 वर. 2013 मध्ये दर चार माणसांमागे एकाहून अधिक बेकार होता. त्याच संकटकाळात, एप्रिल 2012 मध्ये, एका सत्याहत्तर वर्षांच्या निवृत्त औषधविक्रेत्याने संसदेसमोरच्या सिंतग्मा चौकात स्वतःवर गोळी झाडून घेतली. कचऱ्यात अन्न शोधायची वेळ येण्यापूर्वी सन्मानाने मरतो, अशा अर्थाची चिठ्ठी त्याच्या खिशात होती.

इतर डावे नेते सत्तेला हात लावायला कचरत असताना त्सिप्रास यांनी उघड सांगितले की आम्हाला नुसता निषेध करायचा नाही, आम्हाला सरकार बनवायचे आहे. 2012 च्या मे महिन्यात मते 16.8 टक्क्यांवर गेली, जूनमध्ये 26.9 टक्क्यांवर. नुसत्या भाषणांनी एवढे होत नसते. वर्षभर काम नसले की ग्रीसमध्ये आरोग्य विमा तुटत असे. तेव्हा डॉक्टरांनी आणि सामान्य माणसांनी मिळून फुकट दवाखाने चालवले. दलाल वगळून शेतकऱ्यांचे बटाटे थेट शहरात विकले. सिरिझाचे आमदार-खासदार म्हणा, संसदेतले सभासद आपल्या पगाराचा पाचवा हिस्सा अशा कामांसाठी देऊ लागले. आमच्या मते त्सिप्रास यांच्या यशाचे खरे मूळ इथे आहे.

लाल हातमोजे

आमच्या वाचक भगिनींनी इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कोस्तादिंका कुनेवा ही बल्गेरियातून आलेली, इतिहास शिकलेली बाई अथेन्समध्ये झाडूपोछ्याचे काम करी आणि सफाई कामगारांची संघटना चालवी. डिसेंबर 2008 मध्ये कामावरून घरी परतताना तिच्या तोंडावर ॲसिड फेकण्यात आले. एक डोळा गेला, घशाची चाळण झाली, आणि हल्लेखोर कधी सापडले नाहीत. हीच कुनेवा मे 2014 मध्ये सिरिझाच्या यादीतून युरोपीय संसदेवर निवडून गेली.

दुसरी गोष्ट अर्थमंत्रालयाच्या कार्यालयांत झाडणाऱ्या 595 स्त्रियांची. 2013 साली त्यांना काढून ते काम खाजगी ठेकेदारांना देण्यात आले. ह्या बाया घरी बसल्या नाहीत. मंत्रालयाच्या दारातच त्यांनी मुक्काम ठोकला, पोलिसांचा मार खाल्ला आणि रबराचा लाल हातमोजा हीच आपली निशाणी केली. त्सिप्रास यांनी त्यांना परत कामावर घेण्याचा शब्द दिला आणि 2015 मध्ये तो पाळला.

25 जानेवारी 2015 रोजी सिरिझाला 36.3 टक्के मते आणि 149 जागा मिळाल्या. दुसऱ्या दिवशी त्सिप्रास यांनी आर्चबिशपसमोर धार्मिक शपथ घेण्याची चाल मोडून साधी नागरी शपथ घेतली. असे करणारे ते ग्रीसचे पहिले पंतप्रधान. तेथून ते कायसरियानीला गेले. 1 मे 1944 रोजी तेथे नाझींनी दोनशे साम्यवाद्यांना गोळ्या घातल्या होत्या. त्या जागी त्यांनी गुलाब वाहिले. एक खटकणारी गोष्टही नमूद केली पाहिजे. ज्या पक्षाला सफाईवाल्या बायांच्या लढ्याने उजाळा दिला, त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात पूर्ण दर्जाच्या मंत्रिपदावर एकही स्त्री नव्हती. स्त्रियांना दुय्यम खाती मिळाली.

मग कसोटी आली. सावकार हटेनात. जूनअखेर बँका बंद झाल्या, माणशी दिवसाला साठच युरो मिळू लागले. अशा परिस्थितीतही 5 जुलैच्या सार्वमतात 61 टक्के लोकांनी अटींना ‘नाही’ म्हटले. आणि आठवडाभरातच, रात्रभर चाललेल्या बैठकीनंतर, त्सिप्रास यांनी तशाच कडक अटी मान्य केल्या. पक्ष फुटला. कोणी त्यांना गद्दार म्हटले, कोणी म्हटले की देश वाचवला. आम्हाला असे वाटते की चलन छापायची किल्ली दुसऱ्याच्या हाती असताना ‘नाही’ म्हणण्यापूर्वी पुढचा रस्ता आखून ठेवायला हवा होता, आणि तो आखलेला नव्हता. लोकांनी मात्र सप्टेंबरात त्यांनाच पुन्हा निवडून दिले.

हात बांधलेले असतानाही काही कामे झाली. 2016 साली विमा नसलेल्यांना सरकारी इस्पितळांची दारे उघडली. ऑगस्ट 2018 मध्ये कर्जाचा कार्यक्रम संपला. 2019 मध्ये किमान वेतन 650 युरो झाले आणि तरुणांना कमी मजुरी देण्याची पद्धत बंद झाली. पण पेन्शनीतली कपात आणि वाढलेले कर लोक विसरले नाहीत. जुलै 2019 च्या निवडणुकीत सिरिझाची सत्ता गेली. नवे पंतप्रधान झाले किरियाकोस मित्सोताकिस. शाळकरी त्सिप्रास ज्यांच्या सरकारविरुद्ध शाळा बंद करून बसला होता, त्या कॉन्स्टंटिनोस मित्सोताकिस यांचे हे चिरंजीव. 2023 मध्ये त्यांच्याचकडून पुन्हा पराभव झाल्यावर त्सिप्रास यांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडले.